एकाच आकड्यांचे दोन बॉक्स प्लॉट: 208 आउटलायर (बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा) आहे की नाही?

शेव_पॅकिंग_इंदूर
200 ग्रॅम शेवेच्या 11 पाकिटांची वजनं (ग्रॅम): 196, 198, 199, 199, 200, 201, 201, 202, 203, 204, 208. बॉक्स प्लॉट काढला तर एक्सेल वरची मिशी (पेटीतून वर निघणारी रेघ) थेट 208पर्यंत नेतं. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ती 204लाच थांबते आणि 208चा सुटा ठिपका पडतो. खरं कुठलं मानायचं? आणि एक्सेलच्या पेटीतली फुली कसली?

चतुर्थक
दोन्ही बरोबर. भांडण तिसऱ्या चतुर्थकाचं, म्हणजे वरच्या अर्ध्या आकड्यांच्या मधल्या आकड्याचं आहे; पेटीची वरची कड तिथे असते. मध्यक म्हणजे सगळ्यांतला मधला, सहावा आकडा, 201. वरचा अर्धा भाग घेताना हा 201 धरायचा की सोडायचा? एक्सेलचा चार्ट मुळात सोडतो: 201, 202, 203, 204, 208, मधला 203. पायथनचं उत्तर इथे तो धरल्यासारखं येतं: 201, 201, 202, 203, 204, 208, मधोमध 202.5. पहिला चतुर्थक, म्हणजे पेटीची खालची कड, दोन्हीकडे 199च.

म्हणजे पेटीची उंची एकीकडे 4, दुसरीकडे 3.5. तिच्या दीडपट अंतरावर वरचं कुंपण (त्यापलीकडचा आकडा सुटा ठिपका होतो): 203 + 6 = 209, नाहीतर 202.5 + 5.25 = 207.75. आपला 208 नेमका या दोघांच्या मध्ये सापडला! आणि मिशी कुंपणापर्यंत ओढत नाहीत, कुंपणाच्या आतल्या शेवटच्या खऱ्या आकड्यावर थांबवतात. म्हणून पायथनमध्ये 204. हे भल्याभल्यांचं चुकतं.

जुळवायचं असेल तर एक्सेलमध्ये पेटीवर राइट-क्लिक, 'फॉर्मॅट डेटा सिरीज', मग 'इन्क्लुझिव्ह मीडियन'. फुली म्हणजे सरासरी. तुमची बरोबर 201 येते, म्हणून ती मध्यकाच्या रेघेवरच बसली आहे.

काटा_माप
208पायी एवढं अडू नका, दादा. संख्याशास्त्रज्ञ टूकींच्या या दीडपटीच्या नियमाने ठिपका पडला म्हणून पाकीट बाद होत नाही. वजनं सामान्य वितरणात (सरासरीभोवती घंटेच्या आकारात) असली तर मशीन ठणठणीत असूनही हजारात सातेक ठिपके पडतातच. तुमची पेटी खाली 199ला सुरू होते, ते बघा. 11पैकी 4 पाकिटं छापलेल्या वजनाहून हलकी आहेत आणि 196वर ठिपकासुद्धा नाही. 200ची मर्यादा प्लॉटला माहीत नसते, ती आडवी रेघ आपणच मारायची.

शेव_पॅकिंग_इंदूर
समजलं. पाकिटं दोन मशीनवरची आहेत, त्याने फरक पडेल?

चतुर्थक
पडेल. एक मशीन 199च्या आसपास भरत असेल आणि दुसरं 203च्या, तरी एकत्र पेटी अशीच शहाण्यासारखी दिसेल; दोन उंचवटे (वजनांचे दोन घोळके) ती दाखवतच नाही. मशीनगणिक वेगळी पेटी काढा, प्रत्येकी निदान 20-25 वजनं घ्या आणि पेटीवर सगळे ठिपके टाका. पाच-सहाच वजनं असतील तर पेटी नकोच, नुसते ठिपके बरे.