काकूने जागवलेला रियाज

कुणीतरी विचारलंय, दुसऱ्याचं मूल सांभाळताना त्याला गाण्याच्या नादी लागू द्यावं का? माझं उत्तर ठाम हो आहे.

आई गेल्यावर मी ग्वाल्हेरला काकूकडे वाढलो. तिला स्वतःला गाता येत नव्हतं. तरी पहाटे पाचला चहा टाकून मला उठवायची आणि माझा षड्ज, म्हणजे पहिला सूर 'सा', नीट लागेपर्यंत दारात बसून राहायची. दहावीत मार्क घसरले तेव्हा घरातले सगळे म्हणाले, क्लास बंद करा. ती म्हणाली, "गाणं सुटलं तर पोरगं बोलायचंही बंद होईल." खरंच, तेव्हा मी फार कमी बोलायचो. ते तिला एकटीला कळलं होतं.

थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचंच बघा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आधाराने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. बुवा आमच्या ग्वाल्हेर घराण्याचे, म्हणजे ग्वाल्हेरच्या गायकी परंपरेतले. १९०१ साली पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीताची शाळा काढली. सगळेच पलुसकर होत नाहीत, मीही झालो नाही; पण आधार सगळ्यांनाच लागतो.

काकू आता ऐंशीची आहे. फोनवर आजही पहिला प्रश्न तोच, "आज बसलास का रे तंबोरा घेऊन?"