स्नोबोर्डचा बेस सपाट नाही: परत ग्राइंडला द्यावा का?

नमस्कार मंडळी. कॅलगरीच्या आसपासचे चार-पाच जण इथे हिवाळाभर बर्फात आपटून घेतात हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो.

गेल्या हंगामात एक वापरलेला बोर्ड घेतला. 158 सेंमी, साधा कँबरवाला (मध्ये किंचित कमानदार). (ब्रँड लिहीत नाही. दोष बोर्डाचा की माझा हेच अजून ठरायचंय.) बेसवर, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या खालच्या बाजूवर, ओरखडे बरेच होते, म्हणून डिसेंबरात एका दुकानात देऊन स्टोन ग्राइंड करून (फिरत्या दगडावर घासून) घेतला. हातात आला तेव्हा नवा कोरा दिसत होता. पण तेव्हापासून तो धड सरळ जात नाही. उतारावर वळणं घेताना काही जाणवत नाही. सनशाइनला (बॅन्फजवळच्या स्की रिसॉर्टला) संध्याकाळी खाली पार्किंगपर्यंत येणारी ती लांबलचक वाट आहे ना, तिथे बोर्ड सपाट ठेवला रे ठेवला की कधी पंज्याकडची एज (कडेची धातूची धार) बर्फ धरते, कधी टाचेकडची. मागच्या रविवारी दोनदा पाठीवर आणि एकदा तोंडावर पडलो. एवढीएवढीशी पोरं बाजूने सुळकन निघून जातात आणि वर चौकशीही करतात.

माझे आजोबा सावंतवाडीला सुतारकाम करायचे. फळी हातात आली की आधी एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर टाकायचे. तेच केलं. बोर्ड उलटा करून खिडकीसमोर ठेवला, स्टीलची पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून उजेड येतो का ते पाहिलं. दोन्ही पायांच्या मध्ये जवळजवळ अंधार. मागच्या पायाखाली पट्टी दोन्ही एजवर टेकते आणि मध्ये चांगली फट दिसते. पुढच्या टोकाजवळ उलट प्रकार: पट्टी मध्ये टेकते आणि कडांना उजेड.

म्हणजे एकाच बोर्डात खड्डाही आणि उंचवटाही! परत ग्राइंडला देऊ? की घरीच सँडपेपर मारून बघू? वॅक्स (बेसवर मेण चढवणं) मी घरीच करतो, कपड्यांच्या जुन्या इस्त्रीने. आधीच धन्यवाद.

जुनी_फळी:
सँडपेपर खाली ठेवा. आत्ताच्या आत्ता.

आता निवांत. तुम्ही मोजलंत तेव्हा बेसवर वॅक्स होतं का? आणि बाइंडिंग (बूट अडकवायच्या पकडी) लावलेली होती का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर ते मोजमाप विसरा. वॅक्सचा थर मध्ये राहिला की सपाट बेसही फुगीर दिसतो. बाइंडिंगचे स्क्रू जास्त आवळले की आतले धातूचे इन्सर्ट वर ओढले जातात आणि त्यांच्याबरोबर बेसही. मग बरोब्बर पायाखाली खळगे पडतात. वॅक्स नीट खरवडून काढा, बाइंडिंग उतरवा, बोर्ड दोन दिवस घरात उबेला कोरडा होऊ द्या आणि मग मोजा. पट्टीही तपासा: त्याच जागी उलटी फिरवून धरा. फट बदलली तर वाकडी पट्टी आहे, बोर्ड नाही.

हिमगौरी:
टोकाच्या उजेडाची काळजी करू नका. काही बोर्डांना नाक आणि शेपटीकडे कडा मुद्दाम किंचित उचललेल्या असतात, एज अडकू नये म्हणून. बॅटेलिऑन (Bataleon) कंपनीचा 'ट्रिपल बेस' त्यासाठीच प्रसिद्ध आहे. असा बोर्ड कोणी 'सपाट करून द्या' म्हणून दुकानात दिला तर पैसे देऊन गुण घालवल्यासारखं होईल. साध्या बोर्डांतही टोकाला थोडंफार इकडेतिकडे चालतं. बघायचं ते दोन पायांच्या मध्ये आणि पायांखाली.

सुतारपक्षी:
लक्षणं बघता मला दुसराच संशय आहे. बेस खोलगट असला, म्हणजे एज बेसपेक्षा वर आल्या असल्या, तर बोर्ड रुळावर चालल्यासारखा धरून राहतो, फिरवताना त्रास देतो. बेस फुगीर असला तर उलटं: सपाटीवर डुलतो आणि कडक बर्फावर एज लागता लागत नाही. तुमचं पहिल्या प्रकारासारखं वाटतंय खरं, पण ते ग्राइंडनंतरच सुरू झालं ना?

ग्राइंडच्या दगडावरून बेस आणि एज एकाच पातळीत घासून निघतात. त्यामुळे एजला खालून जो 1 अंशाचा उतार असतो, तो बेव्हल जातो. तो नंतर पुन्हा काढून द्यायचा असतो. तो राहिला असेल तर बेस काचेसारखा सपाट असूनही तुम्ही त्या वाटेवर पडणारच.

तपासायची युक्ती: एजच्या खालच्या बाजूवर मार्कर पेन फिरवा. 1 अंशाचं बेव्हल गाइड लावून कानस एकदाच, अगदी हलक्या हाताने ओढा. शाई फक्त बाहेरच्या कोपऱ्यावरून गेली तर तुमचा बेव्हल 1 पेक्षा कमी आहे. सगळीकडून सारखी गेली तर बरोबर आहे. मात्र बेस खोलगट असेल तिथे गाइड तिरकं बसतं आणि खोटं सांगतं, म्हणून आधी सपाटी, मग कोन.

दुसऱ्या ग्राइंडची घाई नको. बेसची जाडी दीड मिलिमीटरच्या आगेमागे असते. प्रत्येक वेळी थोडी जाते ती परत येत नाही.

जुनी_फळी:
मार्करच्या युक्तीला +1. आणि ती कपड्यांची इस्त्री एकदाची निवृत्त करा. बेसचं पॉलिइथिलीन 130-135 अंशांच्या आसपास वितळायला लागतं, आणि कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान सारखं खालीवर होत असतं. वॅक्समधून धूर निघाला की समजा, फार तापली. एका जागी थांबवायची तर अजिबात नाही. मी पहिल्या वर्षी फोन घ्यायला थांबलो आणि तेवढ्यात बेसवर हाताएवढा चकचकीत डाग. आजही त्या जागी वॅक्स मुरत नाही.

गुलमर्ग_रिटर्न्ड:
माझं एकूण स्नोबोर्डिंग म्हणजे गुलमर्गला भाड्याच्या फळीवर चार दिवस. तीही सरळ जात नव्हती. मला वाटलं होतं मीच वाकडा आहे. आता सात वर्षांनी जरा बरं वाटलं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

वॅक्स खरवडलं, बाइंडिंग काढली. मागच्या पायाचे स्क्रू निघता निघेनात. मीच आवळले होते, 'सैल नको राहायला' म्हणून सगळं वजन टाकून. गॅरेजमध्ये व्हॉल्व्हची फट मोजायचं फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) एका मित्राकडून आणलं. काढल्या काढल्या मागच्या पायाखाली 0.20 मिलिमीटरची पाती सहज जात होती. दोन दिवसांनी 0.05 ची जेमतेम. एका स्क्रूपाशी मात्र वाटाण्याएवढा खळगा अजून दिसतो. दोन पायांच्या मध्ये बेस सपाट आहे.

मग मार्कर. सुतारपक्षींनी सांगितल्याप्रमाणेच झालं. दोन्ही बाजूंना, पूर्ण लांबीभर, शाई फक्त बाहेरच्या कोपऱ्याची गेली. बेव्हल नव्हताच! दुकानात फोन केला तर म्हणाले, 'ते तुम्ही सांगितलं नव्हतं.' बरं.

1 अंशाचं गाइड आणि बारीक कानस आणली आणि शाई पूर्ण जाईपर्यंत ओढली. तासभर लागला. बायकोला तो आवाज सहन होईना, म्हणून शेवटची एज गॅरेजमध्ये केली, उणे 18 मध्ये. काल सनशाइनला गेलो. ती वाट वरपासून खालपर्यंत उभ्याने उतरलो. एकदा टाचेची एज जराशी लागली, पण तोल सावरला.

आता तो उरलेला खळगा पी-टेक्सने (बेस दुरुस्तीच्या प्लास्टिकने) भरायचा की सोडून द्यायचा?

सुतारपक्षी:
सोडून द्या. त्यात वॅक्स बसेल. स्क्रू परत लावताना हाताच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने, घट्ट लागेपर्यंतच, आणि दिवसाच्या सुरुवातीला एकदा तपासायचे. ते सगळे एकाच लांबीचे आहेत ना तेवढं बघा. वापरलेल्या बोर्डात कोणीतरी एखादा लांब घातलेला असतो, तो इन्सर्टच्या तळाला टेकून बेसला आतून ढुशी देतो.

धागाकर्ता:
आत्ताच मोजले. आठातला एक 2 मिलिमीटर लांब आहे. पुढच्या पायाचा.