पत्र्याच्या टूल चेस्टला सॉकेट बसवले, तर पेटी अर्थ करायची की तशीच ठेवायची?

पाना_१३:
चाकांवरची पत्र्याची टूल चेस्ट आहे. मागच्या पत्र्यावर दोन सॉकेट आणि वरच्या खणात दोन, म्हणजे बॅटऱ्या चार्जिंगला लावून खण बंद करता येईल. केबल तीन तारांची, प्लग थ्री-पिन. माझ्या मते हिरवी तार सॉकेटच्या अर्थला जोडायचीच, शिवाय पेटीच्या पत्र्यालाही बोल्टने आवळायची. मित्र म्हणतो पेटी रबरी चाकांवर उभी आहे, जमिनीशी संबंधच नाही, तिला हात लावू नकोस. तुमचं काय मत?

कोरडे_हात:
मी मित्राच्या बाजूने. नीट विचार करा. एका हातात केबल सोललेलं ड्रिल, दुसरा हात पेटीवर टेकलेला. पेटी कशालाच जोडलेली नसेल तर त्या हातातून करंटला वाट नाही. पेटी अर्थ केलीत की एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडायचा रस्ता तुम्हीच तयार करून दिलात. त्यापेक्षा सॉकेट प्लास्टिकच्या बॉक्समध्ये बसवा, केबल जाड आवरणाची घ्या. फेज पत्र्यापर्यंत पोचणारच नाही. लोखंडी कपाटाला एक्स्टेंशन बोर्ड स्क्रूने मारला, तर कपाटाला अर्थिंग करत बसतो का कुणी?

फेज_कुठंय:
कपाट ढकलत कुणी नेत नाही हो. ही पेटी रोज इकडून तिकडे ओढली जाणार, खण दिवसातून पन्नासदा उघडणार. "फेज पत्र्यापर्यंत पोचणार नाही" हे वायरिंग केलं त्या दिवशी खरं असतं. पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड बघा, बोट फिरवलंत तर कापेल. त्यातला रबरी ग्रोमेट एकदा निसटला की ती कड केबल घासत राहते. आवरण गेलं, मग आतलं इन्सुलेशन गेलं, आणि फेज पत्र्याला टेकली.

आता तुमची न जोडलेली पेटी २३० व्होल्टवर आहे. ना एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला, ना ठिणगी उडाली. रबरी चाकांमुळे पेटी जमिनीपासून वेगळी आहे, पण तिला हात लावणारा माणूस वेगळा नाही. अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा, २३० मिलिअँपिअर झाले. जीव जायला त्याहून बरंच कमी पुरतं. तेच पेटी अर्थ असेल आणि अख्ख्या लूपचा, म्हणजे फेजने येऊन अर्थने परत जाणाऱ्या वाटेचा, रोध १ ओहमच्या आसपास असेल, तर क्षणात २०० अँपिअरच्या वर करंट जातो आणि १६ अँपिअरचा एमसीबी कुणी हात लावायच्या आधीच खाली पडतो.

आणि त्या ड्रिलचं म्हणाल, तर हल्लीची बहुतेक हातातली ड्रिलं दुहेरी इन्सुलेशनची असतात, चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं त्यांच्यावर. उलट पेटीवर पत्र्याच्या बॉडीचा बेंच ग्राइंडर ठेवलात, की त्याच्या अर्थमधून पेटी तशीही अर्थला लागते. फक्त तो जोड कच्चा असतो, कधी लागतो कधी नाही. म्हणजे "कशालाच न जोडलेली" पेटी ही कागदावरची गोष्ट आहे.

घाईत_आहे:
इतका ऊहापोह कशाला? पेटीशेजारी जमिनीत सळई ठोका, तार जोडा, विषय संपला.

फेज_कुठंय:
संपला नाही, वाढला. सळईचा रोध २५ ओहम धरला तर २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पेटी जवळपास पूर्ण व्होल्टेजवर तशीच राहील. अर्थ यायला हवी ती केबलमधल्या तिसऱ्या तारेतून.

जुना_वायरमन:
वाद चालू द्या, पण करणार असाल तर नीट करा. पावडर कोटिंगवरून बोल्ट आवळला म्हणजे अर्थ झाली असं नाही, तो रंग इन्सुलेटर आहे. लगाच्या (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीच्या) आकाराएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. तारेवर क्रिंप केलेला, म्हणजे पकडीने दाबून बसवलेला, रिंग लग, दातेरी वॉशर, नट. हा बोल्ट फक्त अर्थचा. सॉकेट धरणाऱ्या स्क्रूवर अर्थ अडकवू नका, उद्या कुणी सॉकेट बदलायला तो काढेल. केबलला आत शिरताच क्लँप मारा. पेटीच्या आत हिरवी तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल हिसकली गेलीच तर फेज आधी सुटेल, अर्थ शेवटी.

न्यूट्रल बॉडीला जोडून "अर्थ" करणारे महाभाग मी पाहिलेत. न्यूट्रल कुठे तुटला की चालू असलेल्या यंत्रातून फेज सरळ पेटीवर येते. तसलं काही करू नका.

कोरडे_हात:
ग्राइंडरचा मुद्दा मान्य. पण मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. भिंतीतल्या सॉकेटला अर्थच नसेल तर? मग हिरव्या तारेने तुम्ही चारही सॉकेट आणि पेटी एकमेकांना बांधून ठेवलीत. एका यंत्राची बॉडी शॉर्ट झाली की बाकी सगळी यंत्रं आणि अख्खी पेटी जिवंत. शॉर्ट नसतानाही, थ्री-पिन पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर पेटीला अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास नेतात. टेस्टर लावा, पेटणार. हात फिरवा, झिणझिण्या येणार. माझ्या पेटीत हे होत नाही.

फेज_कुठंय:
हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आधी भिंतीचा सॉकेट तपासायचा. तीन दिव्यांच्या टेस्टरवर पूर्ण विसंबू नका. अर्थच्या पिनला कुणी मागून न्यूट्रलचा जम्पर (जोडतार) मारला असेल तरी तो "ठीक" दाखवतो. सॉकेट उघडून तार कुठून येते ते बघा, लूपचा रोध योग्य मीटरने मोजून घ्या. शिवाय पुरवठ्याच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, पेटीत नव्हे, म्हणजे मधली केबलही त्याच्या कक्षेत येते. तो अर्थ नसतानाही पडतो, पण गळतीला वाट मिळाल्यावर, आणि ती वाट बहुतेक वेळा कुणाचं तरी शरीर असते. अर्थ असेल तर आधीच पडतो. झिणझिण्या येत असतील तर पुरवठ्याच्या दिशेला कुठेतरी अर्थ तुटलीय. हिरवी तार काढून ती लपवू नका.

पाना_१३:
आणि खण? तो घसरपट्ट्यांवरून पेटीला टेकलेलाच आहे. वेगळा जम्पर लागेल?

जुना_वायरमन:
सॉकेट असलेल्या खणाला लागेल, बाकीच्यांना नाही. मल्टिमीटरचं एक टोक खणाला, दुसरं पेटीला लावून खण मागेपुढे करा, ग्रीस आणि बेअरिंगमुळे आकडा नाचताना दिसेल. विणलेली तांब्याची पट्टी टाका, खण पूर्ण उघडून वर बोटभर ढील राहील इतकी. मीटरच्या बीपवर मात्र फार जाऊ नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो बीप देतो. खरी तपासणी जास्त करंट सोडून करतात. आणि बंद खणात चार्जर तापतात, मागे जाळी ठेवा.

कोरडे_हात:
मी असतो तर खणातले सॉकेट रद्दच केले असते. दुमडणारी केबल नाही, जम्पर नाही, चार्जर बाहेर हवेशीर. त्याला कुणाचा विरोध?

जुना_वायरमन:
त्याला नाही. पण मागच्या पत्र्यावरचे दोन आहेतच ना, तेव्हा अर्थचा बोल्ट सुटत नाही.