मदत हवी आहे: कार्व्हिंग स्की आणि डावा गुडघा

मी इंदूरचा, वय ४४, वजन ७६. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, तरी दोन वर्षांपासून फेब्रुवारीत गुलमर्गला जातोय. यंदा तिसऱ्या दिवशी उजवं वळण घेताना मागे बसल्यासारखा झालो, तोल टाचांवर गेला. डाव्या स्कीची शेपटी आतल्या कडेवर रुतली, पाय पिळला आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरणारी, पडताना सुटायला हवी ती पकड) उघडलंच नाही.

एमआरआयमध्ये तुटलेलं काही नाही, आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलंय. डॉक्टर म्हणाले, "या वयात कशाला हे उद्योग?" घरीही तेच, फक्त वरच्या पट्टीत. पोह्यांच्या गाडीपर्यंत आरामात जातो, जिना उतरताना मात्र कळ येते.

स्की भाड्याची होती, कार्व्हिंगवाली (कडेवर झुकवली की आपोआप वळणारी), १६५ सेंमी, त्यावर त्या वळणाची त्रिज्या १३ मीटर छापलेली. दुकानदाराने वजन विचारलं नाही, पेचकस फिरवला आणि "हो गया साब". बाइंडिंगच्या चिमुकल्या खिडकीत ८ दिसतोय, फोटो आहे माझ्याकडे.

२०१२-१३च्या मोसमात आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने गुडघ्यांच्या दुखापतींमुळे पुरुषांच्या जायंट स्लॅलम (फाटकांमधून वळत जाण्याची शर्यत) स्कीची किमान त्रिज्या २७ वरून ३५ मीटर केली होती, पुढे ती ३० वर आणली. मग १३ची स्की माझ्या गुडघ्याला घातकच ना? की सरळ स्नोबोर्ड धरू?

उत्तर (वडोदरा): अहो, त्रिज्या राहू द्या, तो ८ बघा! शर्यतवाल्यांचा वेग आणि आपला वेग यांत जमीन-अस्मानाचा फरक. हळू जाणाऱ्याला लहान त्रिज्या सोयीचीच पडते. तो ८चा आकडा म्हणजे बाइंडिंग किती जोर आल्यावर उघडेल ते; तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून ठरतो. तुमच्यासाठी ८ जास्तच आहे. पण आकडा बरोबर असता तरी सुटला असतात असं नाही. साधं बाइंडिंग पुढे आडवं उघडतं, टाचेला वर. मागे बसून शेपटी रुतली की पिळण्याचा जोर टाचेजवळ येतो, पुढच्या भागाला तो पुरेसा कळतच नाही. बोर्डवर गुडघे कमी जातात, मनगटं जास्त.

धागाकर्ता: बापरे. बुटाचा फोटोही काढला होता, टाचेजवळ ३१५ मिमी कोरलंय. आता आठवतंय, बूट एक नंबर मोठा होता, दोन मोजे घालूनही टाच आत वर उचलली जायची. मी सारखा मागे बसत होतो ते त्यामुळेच असेल का?