डीसी-३० आणि जनरेटरचे व्होल्टेज
मैदानातल्या ऑर्केस्ट्राला ३० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) पुरत नाही, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. समोर माइक लावला की आवाज लांब पोहोचवणे हे पीएचे (श्रोत्यांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकर यंत्रणेचे) काम. मॅचलेस कंपनीच्या डीसी-३० या ३० वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या ईएफ८६ चॅनलवर (ईएफ८६ हा व्हॉल्व्हचा एक प्रकार) जोरात छेडलेली तार आधी किंचित दबते आणि मग फुलते, तो स्वर मला दुसऱ्या कुठल्याही ॲम्पमध्ये सापडलेला नाही (आणि किंमत पाहता तो यात मिळायलाच हवा!). मात्र लग्नसराईत अमळनेर-चोपड्याकडे वाजवताना जनरेटरचे व्होल्टेज २३० वरून २०० च्या खाली उतरले, की व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) आणि हीटरला (व्हॉल्व्ह तापवणारी तार) मिळणारे व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटते आणि खालच्या तारांचा आवाज पार गिचमिड होतो. म्हणून मी सोबत सर्वो स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे यंत्र) ठेवतो. तो ॲम्पपेक्षा अवजड वाटला, तरी साउंड चेकच्या आधी तोच जोडतो.