आईसाठी ज्येष्ठ निवास बघतोय: काळजी, सोयी आणि कर्मचारी नेमके कसे तपासायचे?

उंबरठा

आईचं वय ८२. वॉकर घेऊन चालते, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं, आणि अलीकडे विसरणं वाढलंय: गॅस चालू राहतो, एकच गोळी दोनदा घेतली जाते. तीन ज्येष्ठ निवास समोर आहेत. तिन्हींची माहितीपुस्तिका जवळपास सारखीच. बाग, ग्रंथालय, फिजिओथेरपी, '२४ तास नर्सिंग', 'दर ५ रहिवाशांमागे १ काळजीवाहक'. भेटीला गेल्यावर काय बघायचं, कोणाला काय विचारायचं आणि कोणते कागद मागायचे? 'वातावरण कसं वाटतं ते बघा' यापेक्षा नेमकं काही हवं आहे.

रात्रपाळी

सुरुवात 'पाचामागे एक' या आकड्यापासून करा, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. हा आकडा पटावरच्या माणसांचा आहे की एका पाळीत प्रत्यक्ष मजल्यावर असणाऱ्यांचा? त्यात स्वयंपाकघर, सफाई, कार्यालय धरलंय का?

हिशेब असा. आठवड्याचे तास १६८. एक जागा सतत भरलेली ठेवायची तर ४८ तासांच्या आठवड्याने साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण धरलं की चार ते साडेचार. ६० रहिवासी आणि पटावर १२ काळजीवाहक असतील तर पाचामागे एक हे खरंच आहे, पण कुठल्याही क्षणी मजल्यावर सरासरी तिघेच असतात. म्हणजे विसांमागे एक. सकाळी अंघोळीच्या वेळी माणसं जास्त लावतात, त्यामुळे रात्री दोनच उरतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नीट कुशीवर करायला किंवा होइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) उचलायला दोघं लागतात. ती दोघं एका खोलीत असताना बाकीच्या मजल्यावर कोणीच नसतं. म्हणून प्रश्न असा विचारा: 'रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात, आणि त्यांतले दोघं एका खोलीत अडकले तर कॉलबेलला कोण जातं?'

मागचे ४ आठवडे प्रत्यक्ष कोण हजर होतं त्याचा ड्युटी चार्ट मागा. आखलेला नको, घडलेला हवा. त्यात खाडाखोड किती, सलग दोन पाळ्या करणारी नावं किती, एजन्सीकडून आलेली माणसं किती, ते बघा. एजन्सीचा माणूस कामाला वाईट असतो असं मुळीच नाही. पण 'या रोज पूर्ण ताट संपवतात, आज अर्धंच खाल्लं' हे रोजच्याच माणसाला कळतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं आजारपण बहुतेक वेळा अशाच छोट्या बदलातून आधी दिसतं. वर्षापूर्वी असलेल्यांपैकी किती काळजीवाहक आजही आहेत, मुख्य नर्स किती काळ टिकल्या आहेत, हेही विचारा. पाळी बदलताना १५ ते ३० मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असायला हव्यात. चार्टवर एक पाळी दोनला संपते आणि दुसरी दोनलाच सुरू होते असं दिसलं, तर तोंडी निरोप द्यायला वेळच ठेवलेला नाही.

'२४ तास नर्सिंग' म्हणजे नोंदणीकृत नर्स इमारतीत जागी असते, की फोनवर असते? तुमच्या आईंना इन्सुलिन आहे, म्हणून रात्रीच्या काळजीवाहकालाच थेट विचारा: 'साखर ७०च्या खाली गेली तर काय कराल?' उत्तर यायला हवं की शुद्धीत असून नीट गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच नर्स आणि रुग्णवाहिका. 'डॉक्टरांना फोन करू' एवढंच उत्तर आलं तर ती जागा त्यांच्यासाठी सुरक्षित नाही. विसर पडणाऱ्या माणसात साखर उतरल्याचा गोंधळ आणि चिडचिड हा 'नेहमीचा विसर' म्हणून सोडून दिला जातो, आणि खरा धोका तिथेच आहे.

नोंदवही

वरचं सगळं पटतं. कागदांचं मी लिहितो.

औषधांची नोंद: गोळी दिल्यावर सही व्हायला हवी, आधी नाही. सकाळी अकराला गेलात तर त्या दिवसाचा रात्रीचा रकाना रिकामा आहे का बघा. महिनाभरात एकदाही 'घेतली नाही', 'उलटी झाली', 'झोपेत होत्या' अशी नोंद नसेल तर ते पान बसून भरलेलं आहे. 'गिळता येत नसेल तर गोळ्या कुटून देता का?' हेही विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. कुठली गोळी कुटायची नाही याची यादी औषधाच्या ट्रॉलीवर लावलेली असावी.

इन्सुलिनसाठी फ्रिज २ ते ८ अंश सेल्सिअस, तापमानाची रोजची नोंद, उघडलेल्या कुपीवर उघडल्याची तारीख. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर २८ दिवसांत संपवायचं असतं. प्रत्येकाचं पेन वेगळं, नाव लिहिलेलं. सुई बदलली तरी एक पेन दोघांना वापरायचं नाही, त्यातून रक्तातले संसर्ग पसरतात. आणि क्रम नीट विचारा: साखर तपासणी, इन्सुलिन, जेवण. इन्सुलिन नर्स देते आणि जेवण स्वयंपाकघरातून येतं. या दोघांचं वेळापत्रक एकमेकांशी जुळवायची जबाबदारी कोणाचीच नसली, तर झटपट काम करणारं इन्सुलिन दिल्यावर ताट पाऊण तासाने येतं आणि साखर उतरते.

वजन दर महिन्याला व्हायला हवं. प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर कारण शोधायलाच हवं. ५० किलोच्या बाईत ५ टक्के म्हणजे फक्त अडीच किलो, नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही.

बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा: 'आत्ता किती जणांना आहेत, आणि त्यांतले किती इथे आल्यानंतर झालेत?' दुसरा भाग विसरू नका. कूस बदलल्याच्या तक्त्यात ८, १०, १२, २ अशा काटेकोर वेळा, एकच अक्षर, एकच शाई दिसली तर शंका घ्या, माणसांच्या कामात पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतातच. पहिली पायरी कशी ओळखता ते काळजीवाहकाला विचारा: लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा हाताला जाणवतो. जागा माकडहाड, टाचा आणि खुबे.

पडण्याच्या नोंदी: तुलना करायची तर महिन्यात पडण्याचे प्रसंग भागिले रहिवासी गुणिले दिवस, आणि त्याला १०००ने गुणा. ६० रहिवासी, ३० दिवस म्हणजे १८००. ९ वेळा पडले तर उत्तर ५. मात्र कमी आकडा म्हणजे चांगली जागा असं समजू नका. एवढ्या ज्येष्ठांत शून्य आलं तर लिहिलं जात नाही, एवढाच अर्थ. आकड्यापेक्षा वेळा बघा. प्रसंग पाळी बदलण्याच्या आसपास किंवा रात्रीच्या जेवणानंतर गोळा झालेले दिसले तर त्या वेळी माणसं कमी आहेत. प्रत्येक नोंदीखाली 'यानंतर काय बदललं' हा रकाना भरलेला हवा. 'सावध राहण्यास सांगितले' हे उत्तर नव्हे.

दारमाप

इमारत बघायला मापाची पट्टी आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन जा, संकोच करू नका.

दाराची मोकळी रुंदी किमान ८१ सेंमी. बाथरूममध्ये व्हीलचेअर फिरवायला १५० सेंमीचं वर्तुळ. उतार १:१२, म्हणजे १५ सेंमी उंचीला १८० सेंमी लांबी. कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंमी. आधाराचा दांडा ८४ ते ९१ सेंमी उंचीवर, भिंतीपासून ४ सेंमीच्या आसपास अंतरावर. जास्त फट असेल तर घसरताना हात आत अडकतो. टॉवेलच्या दांडीला लोक आधार म्हणून धरतात आणि ती उखडते, म्हणून दोन्ही वेगळे आणि ओळखू येतील असे हवेत. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, नाहीतर आत पडलेल्या माणसाच्या अंगानेच दार अडतं.

बाथरूममधल्या कॉलबेलची दोरी जमिनीपर्यंत लोंबणारी हवी. फरशी पुसताना ती वर गुंडाळतात आणि तशीच राहते, म्हणून दाखवायच्या खोलीत नको, राहत्या खोलीत परवानगी घेऊन बघा. बेल दाबून वेळ मोजा, शक्यतो जेवणाच्या वेळी. ती खोलीत जाऊनच बंद करता येते की नर्सच्या टेबलावरूनही? टेबलावरून बंद होत असेल तर 'प्रतिसाद २ मिनिटं' या छापील अहवालाला अर्थ राहत नाही.

अंघोळीचा गरम नळ तीन मिनिटं सोडून थर्मामीटर धरा. टाकीत ६० अंश ठेवतात ते बरोबर, त्याने पाण्यात लीजनेला (न्यूमोनिया करणारे) जंतू वाढत नाहीत. पण ६० अंशाचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं आणि म्हातारी कातडी त्याहून लवकर. नळाला पाणी ४३-४४च्या आत ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवा.

उंबरठा, तुमच्या आईंना विसर आहे म्हणून: चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते आणि काळी पायपुसणी खड्ड्यासारखी दिसते. तिथे त्या थबकतील किंवा ओलांडायला जातील. कमोडची बैठक फरशी-भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाची हवी. पलंग ते संडास एवढ्या वाटेवर हालचालीने लागणारा मंद दिवा.

बागेचं म्हणाल, तर ती आहे का यापेक्षा तिचं दार उघडं असतं का ते बघा. वॉकर घेऊन एकटीला, कोणाला न विचारता तिथे जाता येतं का? वाटेत हात असलेली बाकं किती पावलांवर आहेत? कार्यक्रमांचंही तसंच: भिंतीवर लिहिलेल्या वेळेला त्या खोलीत जा आणि किती जण आलेत, त्यांतले किती जागे आहेत ते मोजा.

उंबरठा

एका ठिकाणी सांगितलं की नोंदी गोपनीय आहेत, दाखवता येणार नाहीत. दुसऱ्या ठिकाणी विसर असलेल्यांसाठी कुलूपबंद विभाग आहे आणि आईला थेट तिथेच ठेवा असा आग्रह आहे. काय करावं?

नोंदवही

व्यक्तीची नोंद दाखवायला नकार देणं योग्यच आहे, आणि ते पाळतात हे चांगलं. पण नावं झाकलेली नमुन्याची पानं, महिन्याचे एकूण आकडे, फ्रिजची नोंद, आगीच्या सरावाच्या तारखा आणि मागच्या सरकारी तपासणीचा अहवाल यात गोपनीय काही नाही. तेही नाकारत असतील तर ती जागा यादीतून काढा. आगीच्या सरावाबद्दल एकच विचारा: रात्रीच्या संख्येवर शेवटचा सराव कधी झाला? दिवसा वीस जणांनी केलेला सराव रात्रीच्या दोघांच्या कामाचा नाही.

रात्रपाळी

कुलूपबंद विभागाचा निर्णय मूल्यमापनाशिवाय होऊ नये. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण ही कॅट्झ यांच्या १९६३च्या, माणूस स्वतःचं किती करू शकतो ते मोजणाऱ्या मोजपट्टीतली सहा कामं आणि शिवाय स्मरणशक्तीची चाचणी, हे नर्सने तुमच्यासमोर करायला हवं. आई घराबाहेर भरकटतात का? तुम्ही लिहिलंय त्यात गॅस आणि गोळ्या आहेत. हे दोन्ही धोके गॅस नसलेल्या खोलीने आणि नर्सच्या हातून औषध देण्याने संपतात. आग्रहाचं कारण लेखी मागा.

त्या विभागात किती जणांना मन शांत करणारी अँटिसायकोटिक औषधं चालू आहेत आणि किती महिन्यांनी ती कमी करून बघतात, हे विचारा. डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्येच दिला होता. कमी माणसांवर चालणाऱ्या विभागात तीच औषधं माणसांची उणीव भरून काढायला वापरली जातात, आणि ते फार वाईट आहे. पलंगाचे कठडेही तसेच. गोंधळलेला माणूस त्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. खाली येणारा पलंग आणि बाजूला गादी बरी.

आणखी एक प्रश्न काळजीवाहकाला: 'कालपर्यंत ठीक असलेली बाई आज असंबद्ध बोलतेय, तर पहिलं काय बघाल?' साखर, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवीन औषध यांतलं काही आलं पाहिजे. 'या आजारात असं होतंच' हे उत्तर नको.

मसुदा

कराराचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. काळजीची पातळी वाढली की दर वाढतो. ती पातळी कोण ठरवतं, किती दिवस आधी कळवतात, आणि पटलं नाही तर पुन्हा तपासणी मागता येते का? रुग्णालयात असताना खोलीचं भाडं पूर्ण की कमी, आणि किती दिवस खोली राखतात? डायपर, रुग्णालयात सोबत, धुलाई, ऑक्सिजन वेगळे की धरलेले? अनामत किती दिवसांत परत, आणि मृत्यूनंतर भाडं कुठल्या तारखेपर्यंत? 'गरजा आमच्या क्षमतेबाहेर गेल्यास' असं कलम असतंच. ती क्षमता म्हणजे काय ते लिहून घ्या: दोन माणसांनी उचलावं लागणं, नळीने अन्न, रात्री भटकणं. त्यांच्यात बसत नसेल तर पर्यायी जागा मिळेपर्यंत किती दिवस ठेवतात, तेही.

सही आधी नको. २ ते ४ आठवड्यांचा मुक्काम घ्या, त्यात किमान दोन शनिवार-रविवार आणि एक सणासुदीची सुट्टी यावी. न कळवता संध्याकाळी सातला जा. पाण्याचा पेला हाताशी आहे का, ऐकायच्या यंत्राची बॅटरी चालू आहे का, चष्मा आणि कवळी त्यांचीच आहे का, नखं कापलीत का, चपलेला मागे पट्टा आहे का, हे पाच मिनिटांत दिसतं. आल्या दिवशी वजन करून घ्या आणि निघताना त्याच काट्यावर पुन्हा.