घराजवळची धूळ मोजायची आहे, कोणतं यंत्र घ्यावं? (सल्ला हवा)

तुळसवृंदा, ६ डिसेंबर

नमस्कार. आम्ही पुणे-नगर रस्त्याच्या आतल्या बाजूला राहतो. सोसायटीच्या पूर्वेला, भिंतीपासून दोनेकशे मीटरवर, दोन वर्षांपूर्वी रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट आला. तेव्हापासून सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे खिडक्यांचे कठडे पुसणं. फडकं करडं होतं, आणि न धुता तसंच ठेवलं तर दुपारपर्यंत कडक होऊन बसतं. तुळशीची पानं रोज धुवावी लागतात.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, त्यांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार, दम लागतो) आहे. दिवाळीपासून दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. मोबाइलवर 'समीर' हे हवेच्या प्रदूषणाचं सरकारी अॅप उघडलं की जवळचं केंद्र 'मध्यम' दाखवतं, पण ते जवळचं केंद्र सात किलोमीटर लांब आहे. कमिटीत विषय काढला तर उत्तर मिळालं, "ताई, पुरावा आणा."

तर पुरावा आणायचा आहे. ऑनलाइन दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत यंत्रं दिसतात. माझी तयारी आठ-दहा हजारांची आहे. कोणतं घेऊ?

रानवारा, ६ डिसेंबर

घरात एअर प्युरिफायर असेल तर त्यावर आकडा येतोच की. आमच्याकडे फोडणी दिली तरी लाल होतो. वेगळं यंत्र घेण्याआधी तो आठवडाभर बघा.

फिल्टरपेपर, ६ डिसेंबर

रानवारा, तो आकडा घरातल्या हवेचा असतो, तोही यंत्राने स्वतः गाळलेल्या. फोडणीने लाल होतो यातच सगळं आलं. तुळसवृंदांना बाहेरची हवा मोजायची आहे.

मी बावीस वर्षं बाहेरच्या हवेचे नमुने घेण्याचं काम केलं आहे. गच्चीवर सॅम्पलर (हवा ओढून धूळ गाळणारं यंत्र) लावायचा, वजन केलेला कोरा फिल्टर पेपर घालायचा, आठ-आठ तासांनी बदलायचा आणि प्रयोगशाळेत पुन्हा वजन करायचं. राष्ट्रीय कार्यक्रमात हे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ वेळा करतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुळसवृंदा, यंत्राआधी ठरवा की बाबांसाठी मोजायचं आहे की प्लांटसाठी. या दोन वेगळ्या धुळी आहेत. फुप्फुसात खोलवर जाते ती पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक. केसाची जाडी ५० ते ७० मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज करा. कठड्यावर थर बसतो तो बराचसा १० मायक्रॉनहून जाड कणांचा.

तुमच्या बजेटमधली जवळपास सगळी यंत्रं लेसरची आहेत. आतला छोटा पंखा हवा ओढतो, कणांवर पडून विखुरलेला प्रकाश एक डोळा टिपतो आणि त्यावरून हिशेब होतो. बारीक कण या डोळ्याला बऱ्यापैकी दिसतात, जाड कण फारच कमी. पडद्यावर पीएम १० (१० मायक्रॉन आणि त्याहून बारीक) लिहिलेलं असतं, पण तो आकडा मुख्यतः बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. म्हणून कळकळीने सांगतो, कठड्यावर थर आहे आणि यंत्र 'सगळं ठीक' म्हणतंय असं झालं तर तो पीएम १० चा आकडा कमिटीपुढे ठेवू नका. समोरचा माणूस तोच उचलून तुम्हाला दाखवेल.

मग लेसरचं यंत्र घ्यायचं कशाला? वेळ कळण्यासाठी. धूळ किती याबाबत ते चुकेल, पण कधी वाढली ते मिनिटामिनिटाने सांगेल. म्हणून घेताना आकडे साठवणारं, पीएम २.५ मायक्रोग्रॅममध्ये (दर घनमीटर हवेत किती ते) दाखवणारं आणि सोबत आर्द्रताही नोंदवणारं घ्या. रंगीत चेहरे दाखवणारं नको.

एक्यूआयच्या, म्हणजे हवेच्या निर्देशांकाच्या, भानगडीत तर पडूच नका. आपल्या २००९ च्या मानकात पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, वर्षाची सरासरी ४०. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच १५ आणि ५ वर आणलं.) आपल्या निर्देशांकात ६० मायक्रोग्रॅम म्हणजे बरोबर १००, 'समाधानकारक'ची शेवटची पायरी. बाहेरून आलेल्या यंत्रांची अॅप्स पुष्कळदा अमेरिकी कोष्टक वापरतात, तिथे त्याच हवेला १५० च्या वर आकडा येतो. हवा एकच, कोष्टकं दोन, आणि सोसायटीच्या ग्रुपवर भांडण. शिवाय 'समीर'वरचा धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. रात्रीचे दोन तास कितीही वाईट गेले तरी बाकीच्या बावीस तासांत ते मिसळून जातात.

वाऱ्यावरचा_पक्षी, ७ डिसेंबर

मी मूळची साताऱ्याची, सध्या श्टुटगार्टला असते. हे शहर वाटीसारख्या खोलगट जागेत वसलंय, हिवाळ्यात हवा कोंडते. इथल्याच लोकांनी २०१५ मध्ये घरोघरी स्वस्त सेन्सर लावून नकाशा करायला सुरुवात केली आणि तो उपक्रम पुढे जगभर पसरला. माझ्या बाल्कनीतही एसडीएस०११ नावाचा सेन्सर होता, म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे दमट हवा. कण पाणी शोषून फुगतात आणि लेसरला मोठे दिसतात. नोव्हेंबरच्या धुक्यात माझा आकडा शंभरच्या पुढे गेला, तेव्हा सरकारी केंद्रावर पंचवीससुद्धा नव्हते. पुण्यातही डिसेंबरात पहाटे दव पडतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल त्या तासांपुढे खूण करा, त्या आकड्यांवर काही सिद्ध करू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिकडच्या अशाच सेन्सरांसाठी दुरुस्तीचं समीकरण काढलंय, त्यात मूळ आकडा जवळपास निम्मा होतो. ते तिथल्या हवेसाठी आहे, आपल्याकडे जसंच्या तसं लावू नका.

दुसरी, सेन्सरचं आयुष्य. माझ्या सेन्सरच्या माहितीपत्रकात ८००० तास लिहिले होते, म्हणजे अखंड चालवला तर वर्षही नाही. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट चालेल असा लावा.

तिसरी, शक्य असेल तर एकाच जातीची दोन घ्या. पहिला आठवडा दोन्ही शेजारी ठेवा. दोघांचं पटलं की एक पूर्वेला लावा, एक पश्चिमेला.

मिक्सर_डिझाइन, ७ डिसेंबर

मी अशाच प्लांटवर सहा वर्षं क्वालिटीला होतो. तुमच्या त्या कडक झालेल्या फडक्यावरून सिमेंट वाटतंय. मातीची धूळ वाळली की झटकून जाते.

सिमेंट बल्करने, म्हणजे टाकीच्या ट्रकने, येतं. टाकीतलं सिमेंट हवेच्या दाबाने पाइपातून सायलोत, म्हणजे उंच कोठीत, चढवतात. जितकी हवा आत जाते तितकी बाहेर पडायलाच हवी, ती सायलोच्या डोक्यावरच्या फिल्टरमधून निघते. तो फिल्टर वेळेवर साफ केला नाही की चोंदतो, दाब वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पांढरा भपकारा निघतो. एक बल्कर रिकामा व्हायला पाऊण ते एक तास. आमच्याकडे बल्कर बहुतेक रात्रीच यायचे, अंधारात भपकारा दिसत नाही. कंप्रेसरचा एकसुरी आवाज ऐकू येतो का बघा. येत असेल तर वेळ लिहून ठेवा.

फिल्टरपेपर, ७ डिसेंबर

मिक्सर_डिझाइन, ही माहिती लाखमोलाची आहे.

तुळसवृंदा, जाड धुळीसाठी साधा उपाय. चार स्टीलच्या ताटल्या घ्या, व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा आणि गच्चीच्या चारही बाजूंना आठ दिवस ठेवा. तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून फोटो काढा. पूर्वेची ताटली जास्त करडी झाली तर दिशा कळली. कठड्यावरची चिमूटभर पावडर थेंबभर पाण्यात कालवून तांबडा लिटमस लावून बघा, सिमेंट असेल तर निळा होतो. पण आपल्या काळ्या मातीतही चुनखडी असते, ती थोडी अल्कधर्मी असते. तेव्हा बागेतल्या मातीचीही तशीच परीक्षा करा आणि दोन्ही रंग शेजारी ठेवून पाहा. यावरून संशय पक्का होतो, पुरावा प्रयोगशाळेचाच.

यंत्र जमिनीपासून तीन ते दहा मीटरवर लावा. वर छप्पर हवं, बाजूंनी हवा मोकळी हवी. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि देवघराची खिडकी यांपासून लांब ठेवा.

तुळसवृंदा, ११ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन यंत्रं घेतली, नऊ हजारांत बसली. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याबाहेर पूर्वेला एक, पश्चिमेला एक. आधी आठवडाभर दोन्ही शेजारी ठेवली होती, फरक चार-पाच मायक्रोग्रॅमचा.

तीन आठवड्यांची वही समोर आहे. सतरा रात्री आर्द्रता ८० च्या खाली होती, तेवढ्याच धरल्या. त्यातल्या अकरा रात्री एक ते तीनच्या दरम्यान पूर्वेचा आकडा पन्नास-साठवरून दीडशेच्या पुढे गेला आणि तासाभराने उतरला. पश्चिमेचा जेमतेम हलला. या अकरांपैकी नऊ रात्री मी जागी होते, नऊही वेळा कंप्रेसरचा आवाज होता. एका रात्री बाबाही उठून खिडकीशी आले. म्हणाले, "हाच आवाज. मला वाटायचं पंप आहे." त्यांना खोकला नेमका त्याच सुमारास यायचा आणि आम्ही थंडीला दोष देत होतो.

पूर्वेच्या ताटलीचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकला. या वेळी कोणी पुरावा मागितला नाही. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची ठरली आहे. त्यात काय लिहू?

फिल्टरपेपर, ११ जानेवारी

नऊ रात्री जागलात, त्याचं चीज झालं. तक्रारीत 'आमच्या यंत्राने दीडशे दाखवलं' असं मुख्य वाक्य करू नका, यंत्र प्रमाणित नाही एवढ्यावर विषय संपेल. अकरा तारखा आणि वेळा लिहा, आवाज कोणत्या रात्री ऐकला ते लिहा, ताटल्यांचे फोटो जोडा. आणि नेमक्या तीन मागण्या करा: सायलोवरच्या फिल्टरची आणि त्याच्या देखभालीच्या नोंदवहीची तपासणी, बल्करच्या आवक नोंदी तुमच्या तारखांशी ताडून पाहणं, आणि सोसायटीच्या गच्चीवर सॅम्पलर लावून पीएम १० चं २४ तासांचं मोजमाप. त्याची मर्यादा १०० आहे. सॅम्पलरला गच्चीवर अखंड वीज आणि रात्री कुलूप उघडणारा माणूस लागतो, ते द्यायला सोसायटी तयार आहे असं त्याच पत्रात लिहा.

बाबांना पहाटे फिरायला पाठवता का? हिवाळ्यात रात्रभर गार हवा जमिनीलगत साचते आणि धूळ त्यातच अडकून राहते. ऊन चढल्यावर, साडेनवानंतर जाऊ देत. रात्री पूर्वेची खिडकी बंद ठेवा.

तुळसवृंदा, ११ जानेवारी

साडेपाचला जायचे ते, वर्षानुवर्षांची सवय. उद्यापासून दहाला, मी सोबत जाईन. गच्चीच्या किल्लीचं वॉचमनकाकांशी बोलून ठेवते.